दवाखान्यातील रंगीत तालीम

“साथ आली की डॉक्टर-नर्सबाईंनी रुग्णांकडे पाहायचे की बाहुलीशी खेळत बसायचे?” असे एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारले होते. १० व ११ एप्रिल २०२३ रोजी देशभरातील रुग्णालयांत कोविडची ‘मॉक ड्रिल’ झाली, त्या दिवसांतली ही गोष्ट. प्रश्न अनेकांच्या मनातला आहे, म्हणून आज त्याविषयी थोडेसे.

नाटक मंडळी पडदा उघडण्यापूर्वी रंगीत तालीम करतात. रुग्णालयातील सराव हा तसाच प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे चूक झाली तर हशा पिकत नाही, जीव जातो. म्हणून ती चूक बाहुलीवर झालेली बरी.

ही बाहुली नवी नाही. १९६० साली नॉर्वेमधील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्डाल यांनी हृदय बंद पडलेल्या रुग्णावरील उपचार शिकण्यासाठी ती तयार केली. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. पुस्तकात वाचून हा अंदाज येत नाही. हाताला सवय व्हावी लागते.

साथीच्या काळात यात आणखी अडचण येते. रुग्ण कोसळला की धावत जाणे हा आमचा स्वभाव. पण कोविडच्या रुग्णाजवळ संरक्षक पोशाख न घालता गेलेला कर्मचारी स्वतःच आजारी पडू शकतो, आणि मग पुढच्या रुग्णांना कोण पाहणार? म्हणून आधी पोशाख, मग उपचार, हे सरावाने अंगवळणी पाडावे लागते. मास्कमुळे बोलणे नीट ऐकू येत नाही. त्यासाठी सांगितलेले औषध व मात्रा समोरच्याने मोठ्याने पुन्हा म्हणायची, हेही सरावातच शिकवतात.

खरा धोका पोशाख घालताना नसून काढताना असतो, कारण त्याची बाहेरची बाजू दूषित झालेली असते. हे पटविण्यासाठी एक युक्ती वापरतात. पोशाखावर अतिनील दिव्याखाली चमकणारी पूड लावतात. पोशाख काढून झाला की दिवा लावायचा. मनगटावर, मानेवर, गालावर ठिपके चमकले, की हात कुठे लागला ते कळते. तासभराच्या व्याख्यानापेक्षा तो एक ठिपका जास्त शिकवतो.

सराव संपल्यावर सर्वांनी एकत्र बसून काय चुकले ते बोलणे फार महत्त्वाचे. तेथे शिपाई, सफाई कामगार यांनाही बोलू द्यावे. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी कोणाकडे असते, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते! रागावण्याची भीती असेल तर चुका झाकल्या जातात आणि सराव नुसता फोटोपुरता उरतो.

वाचकांनीही यातून दोन गोष्टी घ्याव्यात. मास्क काढताना पुढच्या भागाला हात न लावता दोरी धरून काढावा, नंतर साबणाने निदान २० सेकंद हात धुवावेत. तसेच छाती दाबण्याचे प्रशिक्षण जवळपास कुठे मिळत असेल तर घरातील एकाने तरी ते जरूर घ्यावे. आणि रुग्णालयात सराव चाललेला दिसला, तर थोडा वेळ थांबावे लागले तरी कुरकुर करू नये. ती तालीम आपल्यासाठीच चाललेली असते.