घड्याळ नको, खूण बघ

पोरी, आसगावात बसून तू ब्राउझर ऑटोमेशन शिकायला घेतलंस, याचा मला फार आनंद आहे. हॉटस्पॉटचं नेट अडतं, मध्येच लाइट जाते, म्हणून तू हिरमुसतेस. पण या कामाला याहून चांगली तालीम नाही. पुण्यातल्या ऑफिसात भरधाव नेटवर ढिसाळ स्क्रिप्टही पास होते. आपल्या चौरास भागात तिचा ढिसाळपणा पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

स्क्रिप्टमध्ये स्लीप लिहू नकोस. 'पान उघड, पाच सेकंद थांब, बटण दाब' असं सांगितलं, तर नेट चांगलं असताना वेळ वाया जातो आणि मंदावलं की स्क्रिप्ट पडते. आपण धान कॅलेंडर पाहून कापत नाही, लोंबी पाहून कापतो. ब्राउझर चालवणाऱ्या सेलेनियम या साधनातला वेबड्रायव्हरवेट दर अर्ध्या सेकंदाला तू दिलेली अट तपासतो आणि ती पूर्ण झाली की लगेच पुढे जातो. जास्तीत जास्त किती थांबायचं तेवढं तू ठरवायचं. तसंच दुसरं साधन प्लेराइट तर क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलत तर नाही ना, दाबता येतंय का, हे आपणहून पाहतं. सेलेनियममध्ये सगळ्या शोधांना लागू होणारा इम्प्लिसिट वेट आणि एका अटीसाठीचा एक्स्प्लिसिट वेट मात्र एकत्र करू नकोस, थांबण्याचा हिशोब लागत नाही.

पण अट कोणती द्यायची? सातबाऱ्याचंच बघ. महाभूलेख या सरकारी पोर्टलवर भंडारा जिल्हा, पवनी तालुका आणि शेवटी गाव निवडावं लागतं. अशा पानांवर जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी येते, तालुका निवडल्यावर गावांची. माणूस यादी येईपर्यंत सहज थांबतो. स्क्रिप्ट रिकाम्या यादीत 'पवनी' शोधते आणि सापडलं नाही म्हणून पडते. यादीचा चौकोन दिसणं ही इथली अट नव्हे, तो आधीपासून दिसतच असतो. 'पवनी' हा पर्याय त्यात येणं, ही खरी अट. ती नेमकी ओळखता आली की अर्धं काम झालं.

हा सराव खऱ्या पोर्टलवर करू नकोस. तशाच तीन याद्यांचं पान स्वतः बनव आणि जावास्क्रिप्टने त्यात मुद्दाम उशीर घाल. सरकारी पानावरचा कॅप्चा समोर माणूस आहे की यंत्र, हे पाहण्यासाठी असतो. तो फोडण्याच्या फंदात पडू नकोस. धानविक्रीच्या नोंदणीला हाच सातबारा लागतो. तुझ्या स्क्रिप्टच्या लूपमुळे एकाही शेतकऱ्याचा खोळंबा होता कामा नये.

मराठी पानांवर आणखी एक गोम असते. 'शेतकऱ्याचे नाव' या शब्दांतला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच, स्क्रिप्टला वेगळे. म्हणून तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर नॉर्मलाइझ कर, म्हणजे एकाच रूपात आण, आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढून टाक. आणि शक्य असेल तिथे दिसणाऱ्या मजकुराऐवजी आयडीवर भिस्त ठेव. सर्व्हरवर खिडकी न दाखवता चालणाऱ्या हेडलेस क्रोमच्या स्क्रीनशॉटमध्ये मराठीऐवजी नुसते चौकोन आले, तर आधी तिथे देवनागरी फॉन्ट आहे का ते पाहा. बहुधा तोच नसतो.

ब्राउझर सुरू करणं आता सोपं झालंय. पूर्वी क्रोम परस्पर अपडेट व्हायचा, त्याला चालवणारा क्रोमड्रायव्हर जुनाच राहायचा आणि सकाळी एकही चाचणी सुरू होत नसे. 2022 मध्ये सेलेनियम 4.6 सोबत सेलेनियम मॅनेजर आला. जुळणारा ड्रायव्हर तोच शोधून आणतो. प्लेराइट स्वतःचे ब्राउझर उतरवून घेतं, त्यात शेकडो एमबी जातात. तुझा डेटा पॅक वाचवायचा तर चॅनेल म्हणून क्रोम दे, लॅपटॉपवर आहे तोच वापरला जाईल.

उघडलेला ब्राउझर बंद करायची जबाबदारीही आपलीच. सेलेनियममध्ये क्लोज फक्त चालू खिडकी बंद करतं. सगळं सत्र आणि ड्रायव्हर संपवायला क्विट लागतं. ते फायनली ब्लॉकमध्ये लिही, म्हणजे मध्येच चूक झाली तरी ते चालेल. नाहीतर टास्क मॅनेजरमध्ये क्रोमड्रायव्हरची रांग दिसेल आणि लॅपटॉप गुदमरेल.

सेलेनियम आणि प्लेराइट या दोन्हींतलं आधी काय शिकू, असं तू विचारलंस. सेलेनियमची सुरुवात 2004 मध्ये शिकागोत, थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी केली. ते ज्यावर चालतं ते वेबड्रायव्हर 2018 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं मानक झालं. प्लेराइट 2020 चं, मायक्रोसॉफ्टचं. 2011 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकवर दूरच्या खऱ्या फोनांवर चाचण्या चालवता येतात, तिथेही ही दोन्ही चालतात. नवं काम हाती आलं तर मी प्लेराइट घेईन. पण कंपन्यांतून वर्षानुवर्षं साठलेल्या स्क्रिप्ट सेलेनियमच्या आहेत आणि नव्या माणसाच्या हाती आधी त्याच येतात. तू सेलेनियमपासून सुरुवात कर.