नांदेड-लातूरकडील ऑर्किडचा दुसरा बहर

मोसंबी-डाळिंबाच्या बागांना ताण देण्याची, म्हणजे काही आठवडे पाणी तोडून पानगळ घडवण्याची आणि मग पाणी सोडून बहर धरण्याची पद्धत मराठवाड्यात इतकी रुळलेली आहे की, नांदेड वा लातूर येथील एखाद्या घरात एकदा फुलून गेलेले ऑर्किड वर्षभर नुसतीच पाने धरून बसले, तर त्याचेही पाणी तोडण्याचा सल्ला सहज दिला जातो. रोपवाटिकांतून सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या फॅलेनॉप्सिस या प्रकाराला हा सल्ला घातक ठरतो. कारण त्याला छद्मकंद, म्हणजे पाणी साठवणारे फुगीर खोड, नसते, सारा साठा जाड पानांत व मुळांत असतो, आणि तो आटला की पाने सुरकुतून मुळे पोकळ होतात व पुढचा हंगाम झीज भरून काढण्यातच जातो.

या वनस्पतीला फुलोऱ्याची सूचना मिळते ती गारव्याने. तापमान सतत २८ अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर नवा दांडा सहसा धरत नाही. उलट दिवसा २५ आणि रात्री १८ ते २० अंशांच्या आसपासचे पाच-सहा आठवडे मिळाले, तर पानाच्या बगलेतील सुप्त कळी जागी होते. ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास हा गारवा येथे फुकट मिळतो, परंतु कुंडी बंद दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेली असल्याने तो झाडापर्यंत पोहोचतच नाही, आणि बहुतेक घरांतील अपयशाचे मूळ येथेच असते. या काळात कुंडी पूर्वेकडील सज्जात, कोवळे ऊन आणि नंतर दिवसभर सावली मिळेल अशी ठेवावी. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तर गोदाकाठचे नांदेड साधारण ३५० मीटरवर. त्यामुळे लातूरच्या रात्री लवकर निवतात, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा १३-१४ अंशांखाली उतरू लागला की तेथे कुंडी रात्रीपुरती आत घेण्याची सावधगिरीही अधिक लागते.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातील क्षार मुळांवरील वेलामेन या स्पंजासारख्या आवरणात साचत जातात. मुळांवर व कुंडीत भरलेल्या सालीच्या तुकड्यांवर पांढरी पुटे दिसू लागली की हानी सुरू झालेली असते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे शोभेच्या झाडासाठी शुद्ध पाण्याचा आग्रह धरणे विचित्र वाटेल. तथापि एका कुंडीला आठवड्याकाठी लागते ते तांब्या-दोन तांब्यांइतकेच, आणि तेवढे पन्हळीखाली धरून झाकून ठेवलेल्या पावसाच्या पाण्यातून बरेच महिने भागते. आरओ यंत्राचे शुद्ध पाणी चालते, मात्र त्याच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी कदापि वापरू नये.

खतांबाबत एवढेच सांगणे पुरे की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम पुरते. ०:५२:३४ दिल्याने फुले येतात ही समजूत द्राक्षबागांकडून आलेली दिसते. गारव्याची उणीव ते भरून काढत नाही, आणि शेतातील फवारणीची मात्रा कुंडीत ओतली तर मुळांची टोके करपतात.

ताणाचा नियम खरोखर लागू पडतो तो नोबिले जातीच्या डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला, कारण त्याच्या कांड्यांत पाण्याचा साठा असतो आणि थंडीत पाणी अगदी कमी केल्यावरच त्या फुलतात. त्याच्या जुन्या, उघड्या पडलेल्या कांड्या वाळल्या समजून कापू नयेत.

फॅलेनॉप्सिसचा डिसेंबरात दिसलेला दांडा साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. फुले गेल्यावर दांडा पेऱ्यावर छाटून दुसरा फुलोरा घेण्याची शिफारस समशीतोष्ण देशांतील पुस्तकांत आढळते, परंतु येथे तो फुलोरा ४० अंशांच्या झळांत सापडून झाडाला थकवतो, म्हणून पहिली फुले गेली की दांडा बुडापासून काढणेच इष्ट. एप्रिल-मे महिन्यांत ७५ टक्के सावली देणारी जाळी लावावी. कूलरच्या खोलीतील दमट हवा झाडाला मानवते, पण थेट झोत लागल्यास उरल्यासुरल्या कळ्या गळतात. आणि त्याच सुमारास घरात आंब्याची अढी घातली असेल तर कुंडी दुसऱ्या खोलीत हलवावी, कारण पिकत्या आंब्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने फॅलेनॉप्सिसची उमललेली फुले लवकर कोमेजतात.