बटणावर व दुरून इंजिन चालू करण्याची सोय : मोटार, ट्रॅक्टर आणि पंप

मोटारीचें इंजिन किल्ली फिरविण्याऐवजीं बटण दाबून, किंवा विहिरीवरील पंप घरबसल्या दुरून चालू करण्याची सोय करून घ्यावी कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या श्रीरामपूर भागांतील बागाईतदार हल्लीं वारंवार विचारतात. शेजारच्या एका गृहस्थांनीं गेल्या पाडव्यास आपल्या जुन्या मोटारीला असें बटण बसविण्याचें मनांत आणलें आणि ते मजकडे आले. "भाऊसाहेब, तुमचा जन्म कागद वाचण्यांत गेला, ह्या यंत्राचाहि कागद वाचून काय तें सांगा," असें ते म्हणाले. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें व नोकरी महसूल खात्यांतील कारकुनीची. यंत्रविद्या मी शिकलेलों नाहीं. परंतु माझ्या स्वतःच्या विहिरीवर ह्याच सोयीपायीं एक अपघात घडला असल्यामुळें मीं हा विषय जाणत्या कारागिरांकडून नीट समजून घेतला आहे. तो वाचकांपुढें क्रमानें मांडतों.

पूर्वींची रीत

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांनीं आपल्या भागांत बागाईत वाढली. विहिरीवरची मोट जाऊन तेलाचें इंजिन आलें. पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली, त्यानंतर तर तें गांवोगांव झालें. हें इंजिन हँडल मारून चालू करीत. प्रथम डीकाँप उचलून दाब मोकळा करावयाचा, हँडल फिरवून जड चाकास वेग द्यावयाचा आणि मग डीकाँप सोडावयाचा. अंगठा हँडलाभोंवतीं न गुंडाळतां बोटांच्याच बाजूस ठेवावा, असें जुने लोक बजावून सांगत. कारण इंजिन उलटें मारलें तर मनगट मोडे.

मोटारीचीहि तीच तऱ्हा होती. अमेरिकेंत चार्लस केटरिंग यांनीं १९११ सालीं विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवून आला. त्यानंतर बरींच वर्षें पुष्कळ मोटारींस स्टार्टरचें निराळें बटणच असे. किल्ली फिरवूनच इंजिन चालू करण्याची पद्धत क्रायस्लर कंपनीनें १९४९ सालीं आणली व पुढें ती सर्वत्र झाली. म्हणजे आजचें बटण ही मुळांत नवी वस्तु नव्हे.

ह्या इतिहासांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हँडल मारणारा मनुष्य यंत्राजवळ उभा असे. गाडी गिअरमध्यें आहे काय, पट्ट्याजवळ कोणी आहे काय, पंपांत पाणी भरलें आहे काय, हें त्याच्या डोळ्यांस आपोआप दिसे. बटण आलें तेव्हां श्रम वांचले; दुरून चालू करण्याची सोय आली तेव्हां मनुष्यच तेथून निघून गेला. त्याचे हात जें करीत तें काम यंत्र करतें. परंतु त्याचे डोळे जें पाहात, त्याची तजवीज कोणी केली, हा ह्या विषयांतील खरा प्रश्न आहे.

मोटारीस बटण बसविणें

मोटारीचा स्टार्टर चालू होतांना बारा व्होल्टच्या बॅटरीतून शंभर-दोनशें अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह लहान बटणांतून कधींहि नेऊं नये. बटण वितळेल व तारा पेट घेतील. म्हणून बटणानें फक्त एक रिले चालवावा. त्यास एक अँपिअरहूनहि कमी प्रवाह पुरतो. रिलेनें स्टार्टरवरील सोलेनॉइड चालवावें आणि सोलेनॉइडनें स्टार्टरचा मोठा प्रवाह जोडावा. बॅटरीकडून रिलेकडे येणाऱ्या तारेंत, बॅटरीच्या अगदीं जवळ, फ्यूज असलाच पाहिजे. तार जाड घ्यावी, ती पत्र्याच्या धारेवर घांसणार नाहीं अशी नळींतून न्यावी, आणि जोड नुसते पीळ देऊन न ठेवतां पक्के करावे.

जुन्या साध्या मोटारीस माझ्या मतें सर्वांत सुरक्षित पद्धत अशी कीं, किल्ली काढून टाकूं नये. किल्लीनें इग्निशन चालू करावें आणि बटणानें फक्त स्टार्टर फिरवावा. किल्लीबरोबर सुकाणूचें कुलूप जोडलेलें असतें. तें अर्धवट मोडून ठेवल्यास चालत्या गाडींत सुकाणू अडकण्याचें भय राहतें. किल्ली अजीबात नको असलेल्या पूर्ण संचांत आणखी एक गोष्ट तपासावी. गाडी धांवत असतां बटणास चुकून हात लागला तर इंजिन बंद पडतां कामा नये. कारण इंजिन बंद होतांच ब्रेक व सुकाणू यांस मिळणारें साहाय्य जातें आणि दोन्ही जड होतात.

क्लच पूर्ण दाबल्यावांचून बटण काम करणार नाहीं, अशी कळ मध्यें बसवून घ्यावी. ही कळ थोडक्या खर्चाची आहे. पण ती "मागाहून बसवूं" म्हणून राहून जाते. बटण एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक दाबूं नये. इंजिन लागलें नाहीं तर थोडें थांबून पुन्हां प्रयत्न करावा, नाहींतर स्टार्टर तापून जळतो.

अलीकडच्या मोटारींच्या किल्लींत एक खुणेची चकती असते. ती ओळखल्यावांचून इंजिन लागत नाहीं. अशा गाडीला बाहेरचा संच बसवितांना कांहीं कारागीर दुसरी किल्ली गाडींतच कायमची दडवून ठेवतात. तसें केल्यानें चोराचें अर्धें काम आपणच करून ठेवल्यासारखें होतें. शिवाय तारा कापल्यामुळें उत्पादकाची हमी जाण्याचाहि संभव आहे. नवी मोटार घेणारांनीं बटण हवें असल्यास कारखान्यांतूनच बसवून आलेली गाडी घ्यावी.

ट्रॅक्टरविषयीं इशारा

ट्रॅक्टरचा स्टार्टर किल्लीनें लागेनासा झाला कीं, खालीं उभें राहून पान्यानें किंवा स्क्रू-ड्रायव्हरनें स्टार्टरचे दोन बोल्ट जोडण्याची संवय आपल्याकडे फार आहे. गिअर किंवा क्लच यांस जोडलेली संरक्षक कळ ह्या युक्तीनें चुकविली जाते. ट्रॅक्टर गिअरमध्यें असेल तर तो त्याच क्षणीं पुढें सरतो, आणि माणूस मागच्या चाकापुढें उभा असतो. हें कृत्य कोणीहि, कितीहि घाई असली तरी, करूं नये. किल्ली चालत नसेल तर कळ, तार व बॅटरीचे जोड तपासून दुरुस्त करावेत. तेंच काम थोडक्या पैशांत होतें.

मोटार दुरून चालू करणें

थंड देशांत बर्फ पडतें. तेथें घरांतूनच इंजिन चालू करून गाडी ऊबदार करून ठेवण्यांत अर्थ आहे. आपल्याकडे वैशाखांत गाडी आंतून थंड करणें एवढाच त्याचा उपयोग. त्या मानानें धोका पाहावा. उतारावर गाडी उभी करतांना ती गिअरमध्यें ठेवण्याची आपली चांगली संवय आहे. परंतु अशी गाडी दुरून चालू केल्यास ती उडी मारते. तेव्हां हातानें गिअर बदलण्याच्या गाडीला ही सोय न बसवावी, हें बरें. बसवावयाचीच तर गिअर मोकळा, हातब्रेक ओढलेला व बॉनेट बंद असल्याखेरीज इंजिन लागूं नये, आणि ठराविक मिनिटांनीं तें आपोआप बंद पडावें, एवढ्या अटी संचांत असल्याच पाहिजेत. बंद पडवींत किंवा कडब्याच्या खोलीलगत मोटार असें चालू ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूस रंग नाहीं व वास नाहीं.

पंप दुरून चालू करणें

विहिरीवरच्या विजेच्या मोटारीची गोष्ट मात्र निराळी आहे. शेतीच्या वाहिनीला थ्री फेज वीज कांहीं दिवस दिवसां व कांहीं दिवस रात्रीं, अशा पाळीनें देण्याची पद्धत पुष्कळ वर्षें चालत आली. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेनें दिवसां वीज देण्याचें काम सुरू झालें असलें, तरी रात्रीं उसांतून विहिरीवर जाणें म्हणजे काय, हें प्रवराकांठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. पायाखालीं साप, आणि उसांत बिबट्या. येथें दुरून पंप चालू करणें ही चैन नसून गरज आहे. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनीं मोबाइलवरून पंप चालविणारें "नॅनो गणेश" नांवाचें यंत्र ह्याच गरजेंतून काढलें व २००९ सालीं त्यास नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत पारितोषिक मिळालें. आतां अशा प्रकारचीं अनेक यंत्रें बाजारांत मिळतात.

त्यांची रचना सोपी आहे. स्टार्टरशेजारीं एक पेटी बसते व तींत मोबाइलचें सिमकार्ड असतें. मालकाचा फोन किंवा संदेश आला कीं, पेटी तिन्ही फेज आहेत काय तें पाहते व स्टार्टरच्या हिरव्या बटणाचें काम स्वतः करते. बंद करण्याचा हुकूम आला तर तांबड्या बटणाचें करते. चांगली पेटी मोटारीचा प्रवाहहि मोजते. विहिरींतलें पाणी सरलें तर मोटारीवरचा भार व प्रवाह कमी होतो. तें ओळखून ती पंप बंद करते आणि मालकास कळविते.

ऑटोस्विच ही वस्तु मात्र ह्याहून वेगळी. साध्या स्टार्टरमध्यें अशी योजना असते कीं, वीज गेली म्हणजे आंतील गुंडाळी ढिली पडून पाती सुटतात, आणि वीज परत आली तरी कोणी बटण दाबीपर्यंत मोटार बंदच राहते. ही योजना मनुष्याच्या रक्षणाकरितां मुद्दाम केलेली आहे. ऑटोस्विच ती रद्द करतो. वीज येतांच तो कोणास न विचारतां मोटार सुरू करतो.

एका ट्रान्सफॉर्मरवर सर्वांनींच असे स्विच बसविले म्हणजे काय होतें, त्याचा हिशेब पाहावा. पांच अश्वशक्तीची मोटार चालतांना सुमारें साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होतांना क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे सुमारें पंचेचाळीस. अशा दहा मोटारी चालूं असतांना पंचाहत्तर अँपिअर लागतात. ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरची शक्ति सुमारें पंचाऐंशींची असल्यानें तें काम निभतें. परंतु वीज येतांच दहाही एकदम सुरू झाल्या तर साडेचारशें अँपिअरचा झटका बसतो. मग फ्यूज उडतो, किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो व सर्वांचें पीक वाळतें. ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा, असें आवाहन महावितरण कंपनी वेळोवेळीं करीत असते, त्याचें कारण हेंच. ज्यांस आपोआप सुरू होणारी पेटी ठेवणेंच भाग असेल, त्यांनीं एका ट्रान्सफॉर्मरवरील सर्वांनीं मिळून, कालव्याच्या पाण्याप्रमाणें, पाळी ठरवावी. पहिल्याची मोटार अर्ध्या मिनिटानें, दुसऱ्याची एका मिनिटानें, अशी वेळ प्रत्येक पेटींत लावतां येते.

माझ्या विहिरीवरील प्रसंग

माझ्या पंपाला असाच ऑटोस्विच होता. एका चैत्रांत ग्लँडमधून पाणी फार गळूं लागलें म्हणून आमचा जुना गडी नवी दोरी भरावयास पंपघरांत बसला. वीज गेलेली होती व ती सायंकाळीं येणार असें वेळापत्रकांत होतें. मीं ओट्यावर बसून तेंच वेळापत्रक त्यास वाचून दाखविलें आणि "खुशाल बस" म्हणालों. वीज दुपारींच आली. मोटार फिरली, आणि त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें जायबंदी झालीं. एकाचें टोंक काढावें लागलें. औषधोपचार व पुढील मजुरी मीं दिली. पण बोट कांहीं परत आलें नाहीं. वीज देणारांचा किंवा यंत्र विकणारांचा ह्यांत दोष नव्हता. चार पावलांवरचा मेन स्विच खालीं ओढावयास मीं सांगितलें नाहीं, हा दोष माझा. कागदावरील वेळेवर विश्वास ठेवण्याची संवय मला कचेरींत लागली होती. यंत्रापाशीं ती उपयोगाची नाहीं.

पाळावयाचे नियम

१. पंपावर हात घालण्यापूर्वीं मेन स्विच ओढावा, तिन्ही फ्यूज काढावे व ते काम करणारानें स्वतःच्या खिशांत ठेवावे. मालकाच्या खिशांत नव्हेत.

२. पेटीजवळ "हातानें" व "आपोआप" अशी निवडीची कळ बसवावी. विहिरीवर माणूस असेपर्यंत ती "हातानें" ह्या बाजूस ठेवावी.

३. मोटार सुरू होण्यापूर्वीं वीस-तीस सेकंद वाजणारा भोंगा लावावा. खर्च अल्प आहे.

४. फिरत्या दांड्यावर व पट्ट्यावर जाळी असावी. "हें यंत्र केव्हांहि आपोआप सुरू होतें" अशी पाटी मोठ्या अक्षरांत लावावी, आणि वाचतां न येणाऱ्या गड्यांस ती वाचून दाखवावी.

५. पेटीनें घरांतील ठराविक क्रमांकांचेच फोन ऐकावे. हुकूम देणारानें आधीं शेतावरील माणसास विचारून मगच हुकूम द्यावा.

६. मोटारीच्या व पेटीच्या पत्र्यास पक्कें अर्थिंग असावें. ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रतिबंधक तारांनीं जोडून चुकवूं नयेत.

असो. शेजारच्या गृहस्थांनीं शेवटीं किल्ली कायम ठेवून बटण बसविलें, आणि क्लचची कळ आधीं बसवून घेतली. माझ्या विहिरीवरील ऑटोस्विच काढून तेथें मोबाइलची पेटी, निवडीची कळ व भोंगा लावला आहे. भोंगा वाजला कीं, आमचा तो गडी अजूनहि हातांतलें काम टाकून चार पावलें मागें सरतो. वाचकांनीं हा अंक मिटण्यापूर्वीं आपल्या पंपघरांतील मेन स्विच कोणत्या भिंतीवर आहे व तो खालीं ओढला जातो कीं गंजून बसला आहे, एवढें आजच पाहून यावें.