नहाणीघरातील सांधे : कोठे सिमेंट, कोठे सिलिकॉन?

टाइल्स बसवून महिना होत नाही तोच मालक निरोप पाठवतो, "खालच्या घरात ओल उतरली." बहुतेक वेळा टाइल शाबूत असते, फुटलेला असतो सांधा. कारागिराचे नाव अशा वेळी पणाला लागते आणि पदरचा पैसाही जातो. म्हणून हे काम नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट, ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी हळूहळू झिरपतेच. पाणी अडवायचे ते टाइलखालच्या थराने. तो थर झाल्यावर नहाणीची जाळी बंद करून किमान 24 तास पाणी साठवून पाहावे. खाली ओल आली नाही, तरच टाइल लावावी.

दुसरी गोष्ट, सगळे सांधे सारखे नसतात. भिंतीवरील दोन टाइल्समधील फटीत ग्राउट चालते. ही फट किमान 2 मि.मी. ठेवावी. पण भिंत व जमीन मिळतात तेथे आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात. उष्णतेने व वजनाने होणारी ही हालचाल कडक सिमेंटला सोसत नाही. त्यात केसासारखी चीर पडते. येथे रबरासारखे ताणले जाणारे सिलिकॉनच हवे. नळाच्या पाइपाभोवतीही तेच.

सिलिकॉन भरण्याची रीत अशी :

1. कोपऱ्यातील फट सुमारे 6 मि.मी. मोकळी ठेवावी. त्यात सिमेंट शिरू देऊ नये.

2. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे. जुन्यावर नवे धरत नाही. साबणाचा थर व बुरशी पुसून फट कोरडी होऊ द्यावी.

3. फट खोल असेल तर तळाशी फोमची दोरी दाबावी. सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटले पाहिजे. तळालाही चिकटले तर ताण पडून फाटते.

4. दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून एका दमात नळी ओढावी, लगेच बोट फिरवून गुळगुळीत करावे व पट्टी काढावी.

5. निदान 24 तास पाणी लागू देऊ नये.

माल घेताना बुरशीरोधक, सॅनिटरी प्रकारचे सिलिकॉन मागावे. सिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन संगमरवराला डाग पाडते. तेथे न्यूट्रल प्रकारचे वापरावे.

हिशेबही सोपा आहे. 6 मि.मी. रुंद व तितक्याच खोल फटीसाठी 280 मि.लि.ची नळी सुमारे साडेसात मीटर पुरते. तीन बाजूंनी 90 सें.मी. भिंती आणि 210 सें.मी. उंचीचे दोन कोपरे असतील, तर एकूण 6.9 मीटर होतात. म्हणजे एक नळी, जेमतेम.

एवढ्या खर्चासाठी कोपऱ्यात पांढरे सिमेंट भरून मोकळे होणे परवडणारे नाही. दर सांगतानाच वॉटरप्रूफिंग, ग्राउट व सिलिकॉन या तीन बाबी वेगळ्या लिहून द्याव्यात. मालकाला कळते तो कशाचे पैसे देतो, आणि उद्या तक्रार आली तर कारागिराला आपले काम दाखवता येते.