मांजराचे पडसे आणि नातवाचे औषध

बालरोगतज्ज्ञाने मांजरांच्या आजारावर लेख लिहावा, हे वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. त्यामागचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या दिवसांत, एक आजी आपल्या चार वर्षांच्या नातवाला खोकला आणि तापासाठी माझ्याकडे घेऊन आल्या. घरची मांजरीही शिंकत होती, तिचे डोळे चिकटत होते. ‘‘डॉक्टरसाहेब, हिच्यामुळेच पोराला लागलं असेल ना? हिला कुठंतरी लांब सोडून यावं म्हणते,’’ असे त्या म्हणाल्या. मांजराचे पडसे माणसाला लागत नाही, असे सांगून मी त्यांची समजूत घातली आणि मुलासाठी पॅरासिटामॉलचे सरबत लिहून दिले. आठवड्याने त्या पुन्हा आल्या, तेव्हा मुलगा खडखडीत बरा होता. मांजरी मात्र गेली होती. नातवाला गुण आला म्हणून आजींनी त्याच बाटलीतले चमचाभर औषध मायेने तिलाही दोनदा पाजले होते. माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. त्यानंतर पशुवैद्यक मित्रांकडून आणि वाचनातून जे समजले, ते येथे मांडतो.

आजाराचे स्वरूप

मांजरांच्या बहुतेक पडशांच्या मुळाशी दोन विषाणू असतात. एक कॅलिसीव्हायरस, तो १९५७ साली न्यूझीलंडमध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. दुसरा हर्पीसव्हायरस, तो १९५८ साली अमेरिकेत सापडला. शिंका, नाकाडोळ्यांतून स्राव, ताप आणि अन्नावरची वासना उडणे ही दोहोंची समान लक्षणे. कॅलिसीव्हायरसमध्ये जिभेवर व्रण पडतात, क्वचित मांजर लंगडतेही. हर्पीसमध्ये डोळ्याच्या कॉर्नियावर फांद्यांसारखा व्रण उमटतो. माणसातील हर्पीसचा व्रण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो लगेच ओळखू येईल. म्हणूनच घरात पडून असलेले स्टेरॉइडचे थेंब मांजराच्या डोळ्यांत घालणे धोक्याचे आहे.

हर्पीसचा विषाणू बरे झाल्यावरही चेतागुच्छांत दडून राहतो. घर बदलले, नवे मांजर आले, पिले झाली, की तो पुन्हा डोके वर काढतो. शरीराबाहेर मात्र तो एक दिवसही टिकत नाही. कॅलिसीव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी महिनाभरही तग धरतो. साध्या जंतुनाशकांना तो पुरेसा दाद देत नाही. भांडी आणि फरशी ब्लीचच्या सौम्य द्रावणाने पुसून नंतर स्वच्छ धुवावी लागते.

हे दोन्ही विषाणू माणसाला बाधत नाहीत. मुलाचा खोकला बहुधा शाळेतून किंवा घरातल्या मोठ्यांकडून आलेला असतो. त्यासाठी आजारी मांजराला रस्त्यावर सोडणे अन्यायाचे आहे.

पॅरासिटामॉल विष का ठरते?

आपले यकृत पॅरासिटामॉलचा मोठा भाग ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून निरुपद्रवी करते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारे विकर कार्यक्षम नसते. त्यामुळे विषारी घटक साठतात आणि रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते. ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मुलांना आपण किलोमागे १५ मिलिग्रॅम निर्धास्तपणे देतो. मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. हिरड्या निळसर किंवा चॉकलेटी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जलद होतो. हा लागलेला श्वास म्हणजे पडसेच वाढले, असा घरच्यांचा समज होतो आणि कधी कधी आणखी एक चमचा दिला जातो. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो काही तासांतच मिळाला पाहिजे. आयब्युप्रोफेनही मांजराला तितकेच वर्ज्य समजावे.

घरी काय करावे?

मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की ते अन्न सोडते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसावेत, कोमट व वासाचा आहार द्यावा, गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात दहा मिनिटे जवळ घेऊन बसावे. कापूर-निलगिरीचे बाम लावू नयेत. तेही विषारी आहेत. दिवसभर अन्न न घेतल्यास पशुवैद्यांना दाखवावे. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जीवावर बेतते.

न्यूमोनिया ओळखण्यासाठी आम्ही बालकाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजतो. तेच येथेही करावे. झोपलेल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात. ते सतत ४० च्या वर गेले किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर क्षणाचाही विलंब नको.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करतात, म्हणून ही पुनरावृत्ती. गोवराच्या लसीसाठी आपण नवव्या महिन्यापर्यंत थांबतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. लसीने संसर्ग पूर्णपणे टळत नाही, परंतु आजार सौम्य होतो.

खरी काळजी कशाची?

मांजराकडून माणसाला काहीच होत नाही, असेही नव्हे. मांजराच्या चाव्याने किंवा ओरखड्याने रेबीज होऊ शकतो. जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. गजकर्णही लागू शकते. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू मार्जारकुलाला घातक ठरतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात त्याने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. म्हणून मांजराला कच्ची कोंबडी आणि न तापवलेले दूध देऊ नये. मेलेल्या पक्ष्यांजवळ गेलेले मांजर एकाएकी आजारी पडले, तर मुलांना दूर ठेवून पशुवैद्यांना तसे स्पष्ट सांगावे.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. पॅरासिटामॉल लिहून देताना ‘‘घरी मांजर आहे का?’’ एवढे विचारावे. उत्तर होकारार्थी आले, तर एक वाक्य अधिक बोलावे. मी त्या आजींना ते बोललो नव्हतो. त्यानंतर मात्र एकदाही चुकवलेले नाही.