हरळी : बांधावर हवी, वाफ्यात नको

गेल्या वर्षीची गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात खालापूर तालुक्यातील आमच्या शाळेच्या परसबागेत मुलांनी कुदळी हाती घेतल्या. वांगी-मिरचीच्या वाफ्यांत हरळी माजली होती. दिवसभर खपून मुलांनी तिचे बारीक तुकडे केले आणि ते मातीतच मिसळून टाकले. खत होईल, ही कल्पना! मग उत्साहाच्या भरात उताराकडचा बांधही खरवडून स्वच्छ केला. जुलैत पाहतो तो वाफ्यांत पूर्वीपेक्षा दाट हरळी, आणि बांध मात्र फुटून बागेची चांगली माती ओढ्यात गेलेली. चूक मुलांची नव्हे. कुदळी मीच वाटल्या होत्या.

असे का झाले? हरळीचा एक ठोंब हळूच उकरून पाहा. मूळ समजून आपण जी पांढरी दोरी ओढतो, ती मूळ नसून खोड असते. तिच्यावर ठरावीक अंतरावर पेरे दिसतात आणि पेरांवर खवल्यांसारखी पाने असतात. मुळावर अशी पेरे कधीच नसतात. जमिनीखालच्या या खोडाला मूलक्षोड म्हणतात. हरळीला जमिनीवरून सरपटणारी खोडेही असतात, म्हणजे तिची चाल दुहेरी. प्रत्येक पेरापाशी एक डोळा असतो आणि कांड्यात अन्न साठवलेले असते. खोड अखंड असते तेव्हा त्याच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक मागच्या डोळ्यांना दबवून ठेवते. खोड तोडले की हा दाब जातो व झोपलेले डोळे जागे होतात. आम्ही एका खोडाचे वीस तुकडे केले, म्हणजे वीस रोपे लावली! अमरकोशात दूर्वेला ‘शतपर्विका’ म्हणजे शंभर पेरांची असे नाव आहे. नाव ठेवणाऱ्याने ती नीट पाहिली असणार.

महडच्या वरदविनायकासाठी किंवा घरच्या गणपतीसाठी दूर्वा खुडणाऱ्यांना हीच गोष्ट अनुभवाने माहीत असते. खुडलेल्या जागी थोड्याच दिवसांत पुन्हा कोवळे तुरे येतात.

आता तिच्या दुबळ्या बाजू पाहू. ऊस आणि मका यांच्याप्रमाणे हरळीचे प्रकाशसंश्लेषण कडक उन्हात जोमाने चालते, पण दाट सावलीत ती खंगते. कर्जत-खालापूरकडे भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल करतात. वालाचा पाला जमीन झाकतो, तेव्हा खालच्या हरळीला ऊन मिळत नाही. परसबागेत हेच काम पावसाळ्यात चवळी किंवा लाल भोपळ्याचा वेल करतो. सावलीने हरळी मरतेच असे नाही, पण तिचा साठा आटतो.

दुसरे औषध म्हणजे एप्रिल-मेचे ऊन. बहुतेक मूलक्षोडे वरच्या वीतभर मातीत असतात. या दिवसांत माती खोल पालथी घालावी. कुदळीने तोडण्यापेक्षा दाताळ्याने मूलक्षोडे लांबच्या लांब ओढून काढावीत आणि कातळावर पसरून कडकडीत वाळू द्यावीत. मोडताना काडीसारखा आवाज आला तरच ती खतखड्ड्यात टाकावीत. जूनमध्ये हे काम व्यर्थ आहे, कारण तेव्हा प्रत्येक तुकड्याला ओल मिळते. तणनाशकांचा विचार शाळेच्या बागेत करूच नये, असे माझे मत आहे.

बांधावर मात्र हीच हरळी हवी. आपल्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटतात, तिचे कण सुटे होतात आणि वाहते पाणी ते घेऊन जाते. हरळीची पाने थेंबांचा मार झेलतात आणि प्रत्येक पेरापासून फुटलेली मुळे मातीला जाळ्यासारखी बांधतात. आम्ही ऑगस्टमध्ये बांध पुन्हा घातला आणि वाफ्यांतून उपटलेली हरळीच त्यावर टोचली. बांध आणि वाफे यांच्यामध्ये आता वीतभर खोल चर आहे व त्यात जुनी मंगलोरी कौले उभी पुरली आहेत. त्यांनी मूलक्षोडे अडतात, पण वरून सरपटणारी खोडे कौले सहज ओलांडतात. म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी विळ्याने कड छाटावी लागते. कंटाळवाणे काम आहे, पण ते चुकवून चालत नाही.

होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आणि दुसरा आपल्या हरळीचा आहे. हीच हरळी ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने क्रिकेटच्या मैदानांवर मुद्दाम वाढवतात!

एक प्रयोग करून पाहा. मूलक्षोडाचे एकेक पेर असलेले चाळीस तुकडे घ्या. दहा ताजेच कुंडीत लावा. उरलेले उन्हात ठेवा आणि त्यांतले दहा-दहा तुकडे दोन, चार व सात दिवसांनी लावा. प्रत्येक गट लावण्यापूर्वी त्याचे वजन करा. शिवाय एका कुंडीत पेर नसलेली नुसती कांडी लावा. तीन आठवडे पाणी घालून किती तुकडे फुटतात ते मोजा आणि घटलेल्या वजनाशी ताडून पाहा. प्रयोग संपल्यावर कुंड्या वाफ्यात रिकाम्या करू नका. फुटलेले तुकडे बांधावर लावा.