गुडघ्याची गादी आणि मूठभर पेशी

प्रश्न : गुडघ्यातली गादी झिजली आहे. चालणं बंद करू का?

उत्तर : मुळीच नको, ताई. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत कूर्चेत पेशी जेमतेम २ ते ५ टक्के. बाकी बहुतेक पाणी आणि कोलॅजनचं जाळं. पण ते जाळं, आणि पाणी धरून ठेवणारे रेणू, तयार करतात त्या याच मूठभर कूर्चापेशी! तिथे रक्तवाहिनी पोहोचतच नाही. पाऊल टेकलं की कूर्चेतलं पाणी बाहेर दाबलं जातं, उचललं की सांध्यातला द्रव आत शिरतो. पेशींना पोषण मिळायला ही ये-जा मदत करते. सांधा दीर्घकाळ हललाच नाही, तर कूर्चा पातळ होते. झिजलेला भाग या पेशी पुरता भरून काढू शकत नाहीत, हे मात्र खरं. सपाट जागी, सोसेल तेवढं चाला. सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.